ओटीतला खण सिमच्या अंगात घालताना

आईच्या कपाटात सगळ्यात खालच्या कप्प्यात न शिवलेल्या खणांची चळत आहे. कुणाच्या तरी ओटीतून आलेले आणि पुढे कुणाच्या तरी ओटीत जाणारे. त्यातला एक, डाळिंबी अंगाचा आणि मोरपिशी काठाचा, मी दोन दिवसांसाठी मागून घेतला आणि स्कॅनरवर पालथा घातला. शिवायचा नव्हता. 'द सिम्स ४' या गेममधल्या माझ्या एका सिमच्या अंगात घालायचा होता.

ज्यांनी हा गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी: ही संगणकावरची भातुकली आहे. माणसं बनवायची, त्यांना घर बांधून द्यायचं, नोकरीला लावायचं, भांडणं लावून द्यायची. विल राइट आणि मॅक्सिस कंपनीने पहिला भाग २००० साली आणला, चौथा २०१४ साली आला. या माणसांना सिम म्हणतात आणि त्यांचे कपडे हा खेळाइतकाच मोठा दुसरा खेळ आहे. तिसऱ्या भागात, २००९ साली, कुठल्याही कपड्यावर कुठलाही रंग आणि नक्षी चढवायची सोय गेममध्येच होती. चौथ्यात ती काढून टाकली. प्रत्येक कपड्याचे ठरावीक रंग मिळतात, त्यातला निवडा आणि गप्प बसा. लोक गप्प बसले नाहीत. स्वतःचे रंग आणि कापडं घालून नवे कपडे बनवणं, म्हणजे खेळाडूंच्या भाषेत 'सीसी' (कस्टम कंटेंट), एवढं फोफावलं त्याचं एक मोठं कारण हेच. २०२१ साली कंपनीनेच मुंबईच्या रस्त्यावरच्या फॅशनवरून 'फॅशन स्ट्रीट' नावाचा एक छोटा संच विकायला काढला, पण मला आईच्या कपाटातलाच खण हवा होता.

माझी पहिली समजूत अशी की कपडा म्हणजे एक चित्र, चित्रात जिथे रंग आहे तिथे खण ओतला की काम झालं. गेममधला साधा, अंगाबरोबर बसणारा, आखूड बाह्यांचा टॉप निवडला. त्याचं चित्र बाहेर काढलं, रंगाच्या जागी खणाची नक्षी भरली आणि परत आत टाकलं. छातीवर बरं दिसत होतं. बगलेखाली मात्र बुट्ट्या ताणून लवंगी मिरच्या झाल्या होत्या, खांद्यावर नक्षी तिरकी पळत होती आणि गळ्याभोवती एक पांढरी रेघ चमकत होती.

हे का झालं ते कुठलाही शिंपी सांगेल. सपाट कापड गोल अंगावर तसंच बसत नाही, ते बेतावं लागतं. पुढचा भाग, मागचा भाग, दोन बाह्या असे तुकडे कापायचे आणि जोडायचे. गेमच्या आत नेमकं हेच होतं, फक्त उलट्या क्रमाने. आधी अंगाचा त्रिमित सांगाडा असतो, त्याला मेश म्हणतात. हजारो छोट्या त्रिकोणांची ती जाळी. तिच्यावर मनातल्या मनात कात्री चालवून ती सपाट पसरतात. त्या पसरलेल्या बेताचं नाव यूव्ही मॅप. जाळीवरच्या प्रत्येक बिंदूला सांगितलेलं असतं की तुझा रंग चित्रातल्या अमुक जागेवरून घे. ते चित्र म्हणजे टेक्स्चर. म्हणजे आपण कपडा रंगवत नसतो, कापून पसरलेले तुकडे रंगवत असतो. छातीचा भाग बेतात ऐसपैस पसरलेला असतो, म्हणून तिथे नक्षी नीट येते. बगलेखालचा भाग चिंचोळ्या पट्टीत कोंबलेला असतो, आणि तीच पट्टी अंगावर ताणून बसवली की मिरच्या होतात.

हा बेत आपल्याला बदलता येत नाही, निदान नुसत्या टेक्स्चरचं काम करताना नाही. मेश बदलायची तर ब्लेंडर हा त्रिमित आकार घडवायचा प्रोग्रॅम शिकावा लागतो, तो वेगळा व्याप आहे. त्यामुळे बेत वाचायला शिकणं एवढंच हातात उरतं. मी त्यासाठी एक खटाटोप केला, ज्याचा नंतर सगळ्यात जास्त उपयोग झाला. कोऱ्या चित्रावर चौकटी आखल्या, प्रत्येक चौकटीत एक अक्षर लिहिलं, क पासून ज्ञ पर्यंत, आणि ते चित्र सिमला घातलं. मग कॅमेरा भोवती फिरवून वाचत गेलो. उजव्या खांद्यावर 'घ', पाठीच्या मधोमध 'त', बगलेत 'फ' असा चेपलेला की ओळखू येईना. अक्षरं मुद्दाम घेतली, कारण अक्षर आरशात बघितल्यासारखं उलटं झालं तर लगेच कळतं, नुसत्या चौकटीत ते कळत नाही. त्या अक्षरांचा ब्लाउज घालून माझी सिम अर्धा दिवस स्वयंपाक करत होती.

आता या गेमची एक खासियत, जी माहीत नसेल तर डोकं फुटायची वेळ येते. सिम्स ४ मध्ये ब्लाउजचं चित्र वेगळं, पँटचं वेगळं, त्वचेचं वेगळं असं शेवटपर्यंत राहत नाही. १०२४ गुणिले २०४८ पिक्सेलचा एकच पसारा असतो. त्यावर आधी त्वचा अंथरली जाते, मग तिच्यावर कपडे, बूट, दागिने आपापल्या ठरलेल्या जागी एकावर एक चढतात, आणि हे सगळं मिळून झालेलं एकच चित्र सिमच्या अंगावर गुंडाळलं जातं. वर्तमानपत्राच्या पानासारखं: बातमी, जाहिरात, फोटो वेगळे येतात, पण छापताना पान एकच.

याचा परिणाम गमतीशीर होतो. समजा टॉपची बाही मला आखूड करायची आहे. चित्रात बाहीचा खालचा भाग पुसला, पारदर्शक केला. अपेक्षा अशी की बाही तिथे नाहीशी होईल. होते, पण तिच्या जागी मोकळी हवा दिसत नाही, कातडी दिसते. कारण पानावर कपड्याच्या खाली त्वचा छापलेली आहे आणि जाळी अजून बाहीच्याच आकाराची आहे. बाही अंगाला घट्ट असेल तर कुणाला पत्ता लागत नाही, दंड उघडा दिसतो. पण फुग्याची बाही पुसली तर दंडाला कातडीचा फुगा आलेला दिसतो. हा प्रकार पहिल्यांदा बघितला तेव्हा मी गेम बंद करून चहा करायला उठलो होतो. म्हणून सल्ला एवढाच की खणाच्या चोळीसाठी अंगाबरोबर बसणारा टॉप निवडा, आणि जो कपडा वाढवायचा आहे त्यापेक्षा जो कापायचा आहे असा घ्या. पुसणं जमतं. नसलेल्या जाळीवर कापड काढणं म्हणजे अंगावर गोंदणं.

गळ्याभोवतीची पांढरी रेघ हा पारदर्शकतेचाच दुसरा अवतार. चित्रातल्या प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात आणि चौथा आकडा तो किती दिसायचा याचा, त्याला अल्फा म्हणतात. शून्य म्हणजे अदृश्य, २५५ म्हणजे ठाम. फसगत अशी की अदृश्य पिक्सेललाही रंग असतोच, फक्त तो दिसत नाही. माझ्या चित्रात गळ्याबाहेरचा अदृश्य भाग पांढरा होता. कॅमेरा दूर गेला की गेम चित्राची लहान आवृत्ती वापरतो, शेजारशेजारचे पिक्सेल एकत्र करून बनवलेली, आणि त्या मिसळणीत तो लपलेला पांढरा काठावर उतरतो.

शिंपी शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड सोडतो, त्याला माया म्हणतात. पुढच्या दिवाळीला अंग भरलं तर ब्लाउज उसवून सैल करता यावा म्हणून. टेक्स्चरलाही माया लागते. जिथे दोन तुकडे जोडले जातात, म्हणजे बगलेत आणि खांद्यावर, तिथे कापड रेषेच्या पलीकडे पाच-सात पिक्सेल सरळ वाढवून ठेवायचं. गळ्याला आणि बाहीच्या तोंडाला मात्र जरा जपून: तिथे पलीकडे त्वचा आहे, त्यामुळे रंग वाढवायचा पण अल्फा वाढवायचा नाही. चित्रांवर काम करायचा गिम्प हा फुकट प्रोग्रॅम मी वापरतो, त्यात चित्र पीएनजी फाइल म्हणून जपताना पारदर्शक पिक्सेलचे रंग जपायचे का असा एक पर्याय येतो. तो चालू ठेवा. मी बंद ठेवला होता, म्हणून ती रेघ.

खणाकडे वळू. स्कॅन ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० ठिपके घेऊन केला. त्याचा छोटासा तुकडा असा कापायचा की तो शेजारी-शेजारी मांडला तर सांधा दिसू नये. गिम्पमध्ये चित्र अर्ध्याने सरकवायची सोय आहे, ऑफसेट नावाची. सरकवलं की कडा मधोमध येतात आणि बिघडलेला सांधा समोर दिसतो, तो हाताने दुरुस्त करायचा. खण हातमागाचा असेल तर दोन बुट्ट्या हुबेहूब सारख्या नसतात. एकच बुट्टी निवडून तीच पुन्हा पुन्हा छापली तर कापड मशीनचं वाटतं. मी चार बुट्ट्यांचा तुकडा घेतला, त्यात एक किंचित वाकडी आहे.

मापाचा प्रश्न इथे सगळ्यात कठीण. कागदावर हिशेब करून बघा. समजा ब्लाउजचा पुढचा भाग अठरा इंच, म्हणजे साधारण ४६ सेंटिमीटर रुंद आहे आणि चित्रात त्याला ३०० पिक्सेल मिळाले. एका सेंटिमीटरला आले साडेसहा पिक्सेल. खणावरची सेंटिमीटरभर बुट्टी साडेसहा पिक्सेलमध्ये काढायची! रांगोळीचं अख्खं कमळ सात ठिपक्यांत बसवण्यासारखं आहे ते. त्यात गेम चित्र दाबून ठेवतो. १०२४ गुणिले २०४८ म्हणजे जवळजवळ २१ लाख पिक्सेल, प्रत्येकी चार बाइट धरले तर एका चित्राला ८ एमबी. एवढी जागा प्रत्येक कपड्याच्या प्रत्येक रंगाला द्यायची तर संगणक बसेल. म्हणून दाबायची एक जुनी पद्धत वापरतात, डीएक्सटी५ नावाची, ती हेच चित्र २ एमबीत आणते.

ती हे कसं करते? चित्राच्या चार बाय चारच्या चौकटी पाडते. प्रत्येक चौकटीत सोळा पिक्सेल. त्या सोळांचे सोळा रंग न लिहिता फक्त दोन लिहिते, आणि मधले दोन त्या दोघांच्या मिश्रणातून काढते. म्हणजे एका चौकटीत जास्तीत जास्त चार छटा, त्याही एका रंगाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या एकाच वाटेवरच्या. निळ्या जीन्सला याचं काहीच वाटत नाही, निळ्याच्या चार छटा तिला पुरतात. खणाला वाटतं. एकाच चौकटीत डाळिंबी, मोरपिशी आणि पिवळी अशा तिघी आल्या की दोघींना जागा मिळते आणि तिसरीचा चिखल होतो. माझ्या काठाजवळ सगळीकडे तपकिरी ठिपके आले होते, आणि मी दोन संध्याकाळ ते स्कॅनरच्या काचेवरचे डाग समजून काच पुसत होतो.

यावरचे उपाय विणकराला हसू येईल असे आहेत. बुट्टी खऱ्यापेक्षा दुप्पट-अडीचपट मोठी केली. खऱ्या मापाची बुट्टी स्क्रीनवर खोटी दिसते, मोठी केलेली खरी. तुकड्यातल्या प्रत्येक बुट्टीची जागा चारच्या पटीत ठेवली, सोळा पिक्सेलची, म्हणजे प्रत्येक बुट्टी चौकटींच्या जाळीवर त्याच जागी पडते आणि बिघडायचीच असेल तर सगळ्या सारख्या बिघडतात. आणि काठ व अंग यांच्या मधे डाळिंबीचीच एक गडद रेघ घातली, म्हणजे तीन रंग एका चौकटीत भेटायची वेळ कमी येते. खरा खण गुळेदगुड्डच्या बाजूचा, बागलकोट जिल्ह्यातला; तिथल्या मागावर अशी रेघ नसेल. चालायचंच.

मग चुण्या. सपाट नक्षी नुसती ओतली तर कपडा भिंतीच्या कागदासारखा दिसतो, कारण मूळ चित्रात रंगवलेल्या सावल्या आपण झाकून टाकल्या. त्यासाठी मूळ टॉपचा पांढरा रंग निवडायचा, कारण पांढऱ्यावर चुण्या सगळ्यात स्वच्छ दिसतात. त्याला रंगहीन करून खणाच्या वरच्या थरावर ठेवायचं आणि थराची पद्धत मल्टिप्लाय करायची. हा शब्दशः गुणाकार आहे. पांढऱ्याने गुणलं की खालचा रंग तसाच, करड्याने गुणलं की तेवढा काळवंडतो. बगलेतली सावली, छातीखालची चुणी, शिवणीची रेघ सगळं परत येतं. फक्त खण आधीच गडद असतो, तो आणखी काळा पडतो, म्हणून वरचा थर आधी उजळून घ्यायचा. स्कॅन केलेल्या कापडातही स्वतःची सुरकुती नको. मी खण इस्त्री केला होता, आईने 'का?' असं विचारलं नाही.

बाहीचा काठ सरळ आखला तर दंडावर तो लाटेसारखा दिसतो, कारण बेतात बाहीचं तोंड कमानदार आहे. अक्षरांच्या चित्रावरून ती कमान आधीच कळली होती. गिम्पच्या वाकवायच्या साधनाने काठ तिच्यावर बसवला. पाच वेळा. बाहीच्या आतल्या बाजूला दोन टोकं जिथे भेटतात तिथे काठाची नक्षी अर्ध्यावर तुटते, ते मी सोडून दिलं. खऱ्या ब्लाउजलाही तिथे तुटतेच.

इथवर फक्त रंगाचं चित्र झालं. कपड्याबरोबर आणखी तीन चित्रं येतात आणि नवशिके ती विसरतात. एक सावलीचं: कपड्याच्या कडेखाली त्वचेवर पडणारी बारीक सावली वेगळी ठेवलेली असते. बाही आखूड केली आणि हे चित्र तसंच राहिलं तर जुन्या बाहीच्या जागी उघड्या दंडावर एक काळसर वळं दिसतं. दुसरं बंप मॅप, करड्या रंगाचं, ते प्रकाशाला फसवून खाचा-उंचवटे भासवतं. विणलेल्या स्वेटरचा टॉप घेऊन त्यावर खण चढवला तर खणावर लोकरीचे टाके उठतात. तिसरं चकाकीचं, कुठे किती चमकायचं ते सांगणारं. सुती टी-शर्टचं तसंच ठेवलं तर खण मलूल दिसतो. मी बंप कोरं केलं आणि चमक काठावर थोडी वाढवली, अंगावर अगदी कणभर. जास्त वाढवली की प्लॅस्टिक.

हे सगळं आत-बाहेर करायला सिम्स ४ स्टुडिओ नावाचं फुकट साधन आहे. मूळ कपडा त्यात निवडायचा, चित्रं बाहेर काढायची, बदललेली आत घालायची, जपायचं. जपताना मूळ कपडा बदलायचा की वेगळा नवा करायचा हे विचारतात, वेगळाच करा. प्रत्येक रंगाला वेगळं चित्र लागतं, त्याला स्वॉच म्हणतात. मूळ टॉप गेमच्या विकतच्या पॅकमधला, म्हणजे जादा संचातला असेल तर बहुतेक वेळा दुसऱ्याकडेही तो पॅक लागतो, म्हणून मूळ गेममधलाच घ्यावा. २०२२ पासून तो फुकट आहे. किशोर वयापासून म्हातारपणापर्यंत सगळ्या बायकांची जाळी एकच असल्याने एका चोळीत सासू-सून दोघी भागतात. मुलांचं अंग वेगळं, त्यांना परकर-पोलकं शिवायचं तर पुन्हा पहिल्यापासून.

तयार झालेली फाइल 'डॉक्युमेंट्स'मधल्या 'इलेक्ट्रॉनिक आर्ट्स', त्यातल्या 'द सिम्स ४' आणि त्यातल्या 'मॉड्स' फोल्डरमध्ये टाकायची, आणि गेमच्या सेटिंगमध्ये कस्टम कंटेंट चालू करायचं. गेमचा नवा पॅच, म्हणजे सुधारित आवृत्ती आली की हे बटण आपोआप बंद होतं, तेव्हा कपडे गायब झाले म्हणून लगेच घाबरू नका. बदल करूनही कपाटात जुनंच छोटं चित्र दिसत असेल तर 'लोकलथंबकॅश' नावाची फाइल उडवा, ती परत तयार होते. आणि बनवलेलं विकायचं नाही: कंपनीने २०२२ साली हे नियम स्पष्ट केले. देणगी घेता येते, थोडे दिवस आधी फक्त पाठीराख्यांना देता येतं, पण कायमचं पैशाच्या कुलपात ठेवता येत नाही. दुसऱ्याने शोधून टाकलेला कापडाचा फोटो उचलण्यापेक्षा घरचा खण स्कॅन करणं त्याही दृष्टीने बरं.

खण परत कपाटात गेला. सिमच्या अंगात चोळी बसली, आईला दाखवली. तिने गळा बघितला, बाही बघितली आणि म्हणाली, पाठीला नाडी का नाही. जाळीत नाडी नाही हे तिला समजावण्यात काही अर्थ नव्हता.

स्टुडिओत कपड्याच्या माहितीत एक चौकोन असतो, गेमने हा कपडा वाटेल त्याला घालावा का. तो बंद करायचा राहून गेला होता. दुसऱ्या दिवशी गेममधल्या विलो क्रीक या गावाच्या जिममध्ये एक अनोळखी बाई डाळिंबी खणाची चोळी आणि निळी हाफ पँट घालून ट्रेडमिलवर धावत होती. काठ लांबूनही ओळखू येत होता. तो चौकोन मी अजून बंद केलेला नाही.